निळ्या खडूची दुसरी रेघ

जावईबापूंना उद्या एक हीटर बसवायचा आहे. त्यांच्या कारखान्यातल्या मोठ्या डिझेल इंजिनाला. जेवण झाल्यावर हात पुसता पुसता मी सहज विचारलं, की लाइन टाकायच्या, म्हणजे वीज चालू करायच्या आधी तुमच्यात आवाज कोण देतं. तर म्हणाले, बाबा, आता आवाज कुणी देत नाही, दिवे असतात, हिरवा लागला की टाकायची. त्यावर माझे हे दोन भाचे फिदीफिदी हसले. मामाचा जमाना गेला म्हणे.

हसा. हसायला काय जातं तुमचं. पण आता गच्चीवर बसलाच आहात तर ऐका. मध्ये बोलायचं नाही आणि ते मोबाइल उलटे ठेवायचे. मी चौथी शिकलेला माणूस, मला रंगवून सांगता येत नाही. झालं ते सांगतो. माझ्या साडूच्या बाबतीत झालं. तुमच्या मामीच्या थोरल्या बहिणीचा नवरा, गेल्या महिन्यात गेला तो. तुम्ही आला होतात त्या दिवशी. दारात उभं राहून मोबाइल बघत होतात, तेही मी पाहिलं.

आम्ही दोघं एकाच पंपघरात कामाला. गावाला पाणी चढवायचं पंपघर. मी ऑपरेटर, तो फिटर. विजेवर चालणारे दोन पंप, आणि वीज गेली तर म्हणून एक डिझेल इंजिन. साडू मला कधी आवडला नाही. हात चांगला होता त्याचा, ते कबूल. पण माणूस असा, की त्याच्याबरोबर रात्रपाळी लागली की धडधाकट लोकांना ताप यायचा. कुणाला चहा विचारायचा नाही, कुणाचं ऐकायचं नाही. मला तो वीस वर्षं ‘बटणवाले’ म्हणत आला. नात्यातला म्हणून मी ऐकून घेतलं. नाहीतर एक ठेवून दिली असती.

तेव्हा आमच्यावर एक हेडफिटर होता. वाळलेला, उंच, कानावर कायम निळ्या खडूचा तुकडा. त्याची पद्धत नीट ऐका, पुढे लागणार आहे. नट आवळला की तो त्यावर खडूने एक रेघ मारायचा. अर्धी नटावर, अर्धी खालच्या लोखंडावर. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, लांबूनच कळतं. मग मशीन चालवायची, तापू द्यायची. लोखंड तापलं की आवळलेलं ढिलं पडतं. मग बंद करून हा परत यायचा, परत पाना लावायचा, आणि पहिल्या रेघेवर आडवी दुसरी रेघ मारायचा. फुली झाली की काम संपलं. नुसती एक रेघ दिसली तर समजायचं, गरम झाल्यावर हा परत येणार आहे.

आणि दुसरं त्याचं ते आवाजाचं. वीज टाकायचा दांडा चढवायच्या आधी तीनदा ओरडायचं, टाकतोय. दरवेळी दहापर्यंत मोजायचं. कुणी थांब म्हटलं की हात खाली. कुणीच काही बोललं नाही तर टाकायची. खोलीत चिटपाखरू नसलं तरी आवाज द्यायचा, असा त्याचा हट्ट. भिंतीला विचारा पण विचारा, म्हणायचा.

माणूस चांगला, पण छळवादी. नट अर्धा आटा कमी आवळलाय वाटलं तरी थांब. फडकं राहिलं तरी थांब. पाळी संपली, लोक कपडे बदलून उभे, आणि खालून याचं आपलं थांब. आम्ही त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करायचो. साडू फार हुबेहूब करायचा.

तर एका संध्याकाळी हा हेडफिटर खाली पंपाच्या खड्ड्यात, मोटरच्या डब्यात हात घालून. वर विजेच्या पॅनलपाशी, दांड्याजवळ साडू. पंपघरात तिसरा माणूस नाही. साडूने लाइन टाकली. हेडफिटर जागच्या जागी गेला.

साडूने सांगितलं, मी तीनदा आवाज दिला, उत्तर आलं नाही. मोठ्या साहेबांनी तेच लिहून घेतलं. हेडफिटरने आवाजाला उत्तर दिलं नाही, मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. आणि तो कागद काचेत बसवून पंपघराच्या दारात लावला, नव्या लोकांनी वाचावा म्हणून. ज्याने आयुष्यभर आम्हाला थांब म्हणून म्हणून वीट आणला, तोच थांब म्हणायला विसरला, असं त्या कागदावर.

त्याची बायको, आम्ही वहिनी म्हणायचो, वर्षातून एकदा यायची. आत यायची नाही. फाटकाशी उभी राहायची आणि साडूला बोलवून घ्यायची. दुसरं काही मागायची नाही, एकच विचारायची. ते खरंच बोलले नव्हते का, भाऊजी? आणि साडू म्हणायचा, नाही वहिनी, आवाज आला नाही. मग ती दारातल्या त्या काचेकडे लांबून बघायची आणि जायची. आठ वर्षं. आठ वेळा मी हे पाहिलं.

आता त्या रात्रीचं.

अकरा वर्षांपूर्वी, हेडफिटर जाऊन आठ वर्षं झाली असताना, जानेवारीची एकवीस तारीख, बुधवार. थंडी अशी की लोखंडाला हात लावला तर चिकटतोय असं वाटावं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वीज जाणार होती, दिवसभर, तसं पत्र आलं होतं. म्हणजे भिस्त सगळी डिझेल इंजिनावर. आणि ते इंजिन थंडीत चालू व्हायचं नाही. नुसतं खोकायचं. म्हणून साहेबांनी हीटर मागवला होता. दुधाच्या मोठ्या किटलीएवढी लोखंडी टाकी, आत तापणारी कॉइल, खाली एक नळी, वर एक नळी. इंजिनातलं थंड पाणी खालच्या नळीने टाकीत येतं, तापतं, आणि तापलेलं वरच्या नळीने आपोआप इंजिनात चढतं. रात्रभर असं फिरत राहिलं की सकाळी इंजिन हाताला कोमट लागतं आणि एका फटक्यात सुरू होतं.

हीटर उशिरा आला. साडूने रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी काम सुरू केलं. नियमाने दोन माणसं पाहिजेत. दुसरा होता, त्याला साडूने अर्ध्या तासात हाकलून दिलं. पाना धरता येत नाही, घरी जाऊन भांडी घास, असं काहीतरी बोलला. तो बिचारा आनंदाने गेला. राहिला एक वॉचमन, तो लांब फाटकाच्या खोलीत शेकत बसलेला.

काम मात्र साडूने नीट केलं. टाकी इंजिनाच्या अंगावर नाही ठोकली, इंजिन थरथरतं, बोल्ट तुटतात. खाली सिमेंटमध्ये वेगळा लोखंडी पाय बसवला आणि त्यावर टाकी उभी केली, इंजिनाच्या पाण्यापेक्षा खाली. नळ्या जोडल्या, क्लिपा आवळल्या, वायर ओढली. पॅनलच्या दांड्यावर ‘माणूस कामावर आहे’ ही पाटी अडकवलेली होती. एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना तो पॅनलपाशी आला, पाटी काढून बाजूला ठेवली, आणि दांड्याला हात घातला.

सवय म्हणून ओरडला. मला त्याने शपथेवर सांगितलं, सवयच, दुसरं काही नाही.

टाकतोय.

दहा मोजायला सुरुवात केली. चारला आला आणि मागून, खड्ड्याच्या बाजूने कुणीतरी म्हणालं…

थांब.

ओरडून नाही. नेहमीच्या आवाजात. कामात असलेला माणूस मान वर न करता म्हणतो, तसं.

साडूला वाटलं वॉचमन. त्याने वॉचमनच्या आईपासून सुरुवात केली आणि शिव्या देत टॉर्च घेऊन गेला. खड्ड्यात कुणी नाही. इंजिनामागे कुणी नाही. परत फिरताना टॉर्चचा उजेड हीटरवर पडला. खालच्या नळीवरचा व्हॉल्व्ह बंद होता. उघडायचाच राहिला होता. म्हणजे टाकी कोरडी. कोरड्या टाकीत कॉइल पेटली असती तर मिनिटभरात लाल होऊन फुटली असती, आणि तो तिथेच उभा राहून नळीला हात लावून बघणार होता, पाणी फिरतंय का ते.

त्याने व्हॉल्व्ह उघडला. टाकीत पाणी गुडगुडलं. स्वतःला शहाणा म्हणवणारा माणूस, त्याने काय ठरवलं असेल? की आपल्याच मनाला आठवलं असणार, आणि ते कानाला ऐकू आल्यासारखं वाटलं. बरं.

परत पॅनलपाशी. पाटी बाजूलाच पडलेली होती. ती त्याने जाताना परत दांड्यावर लावली नव्हती. दोन सेकंदांचं काम. नाही लावलं.

टाकतोय.

एक. दोन. तीन.

थांब.

आता जवळून. हीटरच्या बाजूने.

या वेळी शिव्या दिल्या नाहीत त्याने. टॉर्च धरून गेला. वरची नळी मध्येच खाली झुकली होती, पोट सुटल्यासारखी. तिच्यात हवा अडकलेली. हवा अडकली की पाणी फिरत नाही, टाकीतलं टाकीतच उकळतं. नळी सरळ चढती केली. वरचा स्क्रू ढिला करून हवा सोडली. फुस्स करून गेली. मग पाण्याची धार आली, तेव्हा स्क्रू बंद केला. तो म्हणाला, ती हवा गेली ना, तसा उच्छ्वास माझ्या मानेवर लागला. मागून.

जावईबापू, पुढे सरकून बसा. भिंतीला टेकू नका, गार आहे.

तिसऱ्या वेळी साडूला ओरडायचंच नव्हतं. न ओरडता दांडा चढवून मोकळं व्हावं असं मनात आलं. हात वर नेला. पण हात जाईना. आठ वर्षांपूर्वी तो त्याच फरशीवर, त्याच दांड्यापाशी उभा होता. शेवटी तोंडातल्या तोंडात म्हणाला.

टाकतोय…

थांब.

लगेच. दहा नाही, एक सुद्धा मोजू दिला नाही.

तो गेला. पाटी तशीच खाली. टॉर्च तोंडात धरली आणि सगळं बघितलं. क्लिपा, पायाचे बोल्ट, नळ्या. सगळं ठीक. मग हीटरच्या डोक्यावरचा वायरींचा डबा उघडला. अर्थिंगची वायर नटाखाली नुसती ठेवलेली होती, आवळलेली नव्हती. टाकीत करंट उतरला असता तर जमिनीत जायला वाट नाही. हात लावेल त्याच्यातून गेला असता.

अंधार, डब्याचं तोंड लहान. त्याने उजवा हात मनगटापर्यंत आत घातला. नट दोन बोटांत धरला. आणि हाताचं घड्याळ आतल्या पत्र्याच्या कडेला अडकलं. कामाला बसताना घड्याळ, अंगठी काढून ठेवायची, हे हेडफिटर रोज सांगायचा. रोज. हात पुढेही जाईना, मागेही येईना. बोटं वायरींच्या टोकांवर.

आणि तेव्हा पॅनलपाशी कुणीतरी म्हणालं…

टाकतोय.

साडूच्याच आवाजात.

तुम्ही स्वतःचा आवाज कधी रेकॉर्डवर ऐकलात का? ओळखू येतो आणि आवडत नाही. तसा. कंटाळलेला, घरी जायची घाई असलेला आवाज. पाळी संपलेल्या माणसाचा.

त्याने हात ओढला. पट्टा तुटेना. चामड्याचा नव्हता, स्टीलचा होता. त्याच्या बायकोनेच घेऊन दिलेला.

पॅनलपाशी कुणीतरी मोजत होतं. हळू. सात. आठ. नऊ.

टाकतोय.

थांब म्हणायचं होतं. एवढंच. एक शब्द. तोंड उघडलं, टॉर्च पडली, विझली. घशातून हवा येत होती, आवाज येत नव्हता. तो म्हणाला, मला कळलं की माणूस उत्तर का देत नाही.

पाच. सहा.

टाकतोय.

तेव्हा निघाला शब्द. थांब. एकदा नाही, तीन-चारदा. थांब, थांब.

मोजणं बंद झालं.

काहीच नाही…

आणि मग दांड्याचा आवाज. जुना दांडा, चढवायला लागलं की आधी करकरतो, मग बसतो. तो करकरला.

साडूला तिथे एक गोष्ट कळली. थांब म्हणून काही उपयोग नाही. कारण त्याला माहीत होतं. साऱ्या जगात त्याला एकट्यालाच माहीत होतं, की तीनदा थांब म्हटल्यावर काय होतं.

अंधारात तो बोलला. मला जे सांगितलं तेच सांगतो, माझं काही घालत नाही.

“ऐकलं होतं मी. तिन्ही वेळा तुम्ही थांब म्हणालात. मी ऐकलं होतं. उगाच छळताय असं वाटलं मला. मुद्दाम टाकली मी.”

करकर थांबली.

खड्ड्यात पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. मग त्याच्या मानेला काहीतरी लागलं. कोरडं. खरखरीत. वरून खाली, सावकाश. आणि पट्ट्याची कडी आपोआप सुटली. कुणी बोटाने सोडवावी तशी. हात बाहेर आला, तो मागे पडला.

आणि दांडा बसला. खट्.

डब्यात निळा उजेड पडला. हीटर गुणगुणायला लागला. एक वाजून पंचावन्न मिनिटं. घड्याळ डब्यात राहिलं, म्हणून वेळ मला नक्की माहीत आहे. ते जळून त्या काट्यावर बंद पडलं होतं. मी काढलं ते दुसऱ्या दिवशी.

साडू पळाला. वॉचमनच्या खोलीत जाऊन बसला, पहाटेपर्यंत. वॉचमन म्हणाला, आत कुणी गेलं नाही, बाहेर कुणी आलं नाही, आणि हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलला, मला म्हणाला दादा, इथे बसू का.

मी पाचलाच कामावर आलो. माझी सकाळपाळी. फाटकातच त्याने माझ्या सदऱ्याची बाही धरली आणि हे सगळं सांगितलं, जसं मी तुम्हाला सांगितलं तसं. रडत नव्हता. सांगून झाल्यावर पाणी प्यायला वाकला, तेव्हा मला त्याची मान दिसली.

मागच्या बाजूला निळ्या खडूची रेघ. अर्धी कॉलरवर, अर्धी कातडीवर. सरळ. न तुटलेली.

एकच.

आत गेलो. हीटर छान तापला होता, वरची नळी गरम, खालची कोमट, पाणी फिरत होतं. पायाचे चार बोल्ट, नळ्यांच्या चार क्लिपा. आठही जागी निळी फुली. मी वीज बंद केली, पाटी लावली, दोनदा तपासलं, मग डबा उघडला. अर्थिंगचा नट, जो साडूने आवळलाच नव्हता असं शपथेवर सांगत होता, त्याच्यावर फुली. पाना लावून बघितला. तसूभर हलला नाही. त्या पंपघरात हेडफिटर गेल्यापासून खडू कुणी आणलेला नव्हता.

सहाला वीज गेली. मी इंजिनाचं बटण दाबलं आणि ते पहिल्या फटक्यात लागलं. सात वाजता मोठे साहेब आले, खूश झाले, साडूच्या पाठीवर थाप मारली. त्या रेघेच्या बोटभर खाली. म्हणाले, रात्री एकट्यानेच केलंस, काही अडचण? मी साडूकडे बघितलं. दारातला तो काचेतला कागद त्याच्या डोक्यामागेच होता. म्हटलं, आता बोल. मनात म्हटलं. मोठ्याने नाही.

साडू म्हणाला, काही नाही साहेब, रात्र चांगली गेली.

साहेब गेले. मी त्याला बाजूला घेतलं आणि त्याच्या मानेवर काय आहे ते सांगितलं. एका रेघेचा अर्थ त्याला मी सांगायला नको होता. नळाखाली मान घासली, रेघ गेली. खडूच तो, पाण्याने जातो. कॉलर धुतली. मग माझ्याकडे वळून मला म्हणाला, बटणवाले, तोंड उघडलंत तर तुमच्या बायकोला बहीण राहणार नाही. म्हणजे त्याची बायको माझ्या घरी पाय ठेवणार नाही, असं. मी म्हटलं, ठीक आहे.

हो, मी म्हटलं ठीक आहे. माझ्याकडे असं बघू नका. घरात दोन बहिणींचं रडणं कोण ऐकणार.

पुढच्या महिन्यात वहिनी आली. फाटकाशी उभी. तोच प्रश्न. मी हातभर अंतरावर होतो. साडू म्हणाला, नाही वहिनी, आवाज आला नाही. ती माझ्याकडे बघत होती. आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं तिने. मी खिशात तंबाखू शोधत राहिलो.

नंतरची दहा वर्षंही ती आली. साडू निवृत्त झाला तर त्याच्या घरी गेली. तो मानेला मफलर गुंडाळून बसायचा, उन्हाळ्यात सुद्धा. पोरं चेष्टा करायची. एक मात्र होतं. परत कधी आजारी पडायचं नाही असं ठरवल्यासारखा तो वागायला लागला. उन्हात जायचा नाही, पावसात भिजायचा नाही. जरा कणकण वाटली की डॉक्टरकडे पळायचा, बर्फाच्या पट्ट्या ठेवून घ्यायचा. सगळ्यांना वाटायचं जिवाला जपतो. मला माहीत होतं. तो तापायला घाबरत होता.

गेल्या महिन्यात तापला. तीन दिवस ताप उतरेना. चौथ्या दिवशी पहाटे झोपेतच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, वयच झालं होतं.

त्याला शेवटची आंघोळ मी घातली. त्याचा मुलगा डोक्याशी, मी मान धरलेली. मफलर सोडवला. मान वळवली.

फुली.

ओली नाही, पुसट नाही. आत्ताच काढल्यासारखी. त्याचा मुलगा म्हणाला, काका, हे काय लागलंय. मी म्हटलं, औषध असेल. आणि पुसली. बोटांना निळं लागलं, ते धुतलं.

दोन दिवसांनी वहिनीकडे गेलो. आता साडू नाही, आता कुणाची बहीण कुणाकडे जायची बंद होणार नाही. दारातच सगळं सांगितलं. ते तीनदा थांब म्हणाले होते, वहिनी. साडूने ऐकलं होतं. तिने चौकट धरली. मला वाटलं, रडेल. रडली नाही. तिने एकच विचारलं.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

मी म्हटलं, अकरा वर्षं.

तिने दार लावलं. आपटलं नाही. सावकाश लावलं आणि आतून कडी घातली.

संपली गोष्ट. जावईबापू, उद्या तुमचा तो दिवा हिरवा असो की पिवळा, घड्याळ काढून ठेवा, पाटी लावा, टाकीत पाणी आहे का बघा आणि आवाज द्या. आणि कुणी थांब म्हटलं तर हात खाली घ्या. तो कितीही छळणारा असला तरी. भाच्यांनो, तुम्हीपण.

आता का सांगितलं, म्हणताय. सांगतो. आज दुपारी तुमची मामी मागच्या दारी कपडे धूत होती. तिथून ओरडली, की तुमच्या सदऱ्याला हे निळं कुठून लागलं, जात नाहीये. मी म्हटलं, तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला आंघोळ घातली तेव्हाचं असेल.

पण त्या दिवशी हा सदरा माझ्या अंगात नव्हता. हा मी वहिनीकडे जाताना घातला होता.

जा, तो दोरीवरचा सदरा आणा, बघा उजेडात. कॉलरच्या मागे. तिथे आहे तो अर्धा भाग. दुसरा अर्धा कुठे आहे, ते मला आरशात दिसत नाही, आणि तुमच्या मामीला मी विचारलेलं नाही.

एकच रेघ आहे.